काठी आणि तिवई

वाव्हळ मॅडमचं नाव निघालं की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी उठतं आणि खिडकी लावून घेतं. असं कुणी ठरवलेलं नाही. खिडकीबाहेर पटांगण आहे, पटांगणापलीकडे गेवराईचा मोठा रस्ता आणि रस्त्यावरून सारखे टिपर जात असतात. आवाज येतो म्हणून लावली, असं लावणारा म्हणतो. एरवी दिवसभर तोच आवाज चालू असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

संघमित्रा वाव्हळ आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायच्या, मी मराठी. आमची टेबलं शेजारी होती. आधी त्या चकलांब्याच्या शाळेत होत्या, तिथून इकडे आल्या. उंच, हाडकुळ्या, केस मानेवर कापलेले, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषांचे बूट. पहिल्या आठवड्यात पोरं बुटांना हसली. दुसऱ्या आठवड्यात हसणं बंद झालं, कारण वाव्हळ मॅडम वर्गात फार हळू आवाजात बोलत आणि हसत बसलं की पुढचं ऐकू येत नसे.

चहा त्या बिनसाखरेचा घेत आणि दाताखाली गुळाचा खडा धरत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "साखर चहात विरघळली की चहाची झाली. गूळ माझा राहतो." लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणत, वाटेवरचं एखादं देऊळ बघायचं राहून जावं तसं.

अकरावीच्या पहिल्या तासाला त्या पोरांना आपापल्या रानातली मूठभर माती आणायला सांगत. टेबलावर कागद पसरून पुड्या मांडायच्या, काळी, भुरकट, चुनखडीची, आणि बोटाने चोळून सांगायचं की ही नदीकाठची, ही माळाची. ज्याला रान नसे तो मान खाली घालून दाराबाहेरची माती आणायचा. ती पुडी त्या मधोमध ठेवत. म्हणत, "ही रस्त्याची. हिच्यावर सगळ्यांचे पाय."

फोटोचा नाद त्यांना कधी लागला ते मला माहीत नाही. मी भेटले तेव्हा तो पक्का झालेला होता. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या एसटीने कुठेतरी निघत आणि मला सोबत ओढत. माझे यजमान म्हणायचे, जा, तुझंही बघणं होईल. मॅडमच्या खांद्यावर कॅमेरा असे आणि हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला ट्रायपॉड. बीडमधला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तो घेतलेला. लोखंडासारखा जड. एसटीत चढताना कंडक्टर हमखास विचारायचा, "बंदूक हाय का काय बाई?" मॅडम शांतपणे म्हणत, "तिवई आहे. बसायला नाही, बघायला."

माणसाचा सोडाच, जनावराचाही फोटो विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. एकदा एका ओढ्याच्या काठावर म्हशी डुंबत होत्या. ऊन तिरकं, पाणी सोन्यासारखं. मॅडम तिवई मांडून नुसत्या उभ्या. मी म्हटलं, काढा ना. तर म्हणाल्या, "मालक येऊ द्या." मी म्हटलं, म्हशीला काय विचारायचंय? "म्हशीला नाही, मालकाला. त्याच्या दारात आपण उभ्या आहोत." मालक आला तोवर म्हशी बाहेर पडून कोरड्या झाल्या होत्या. मॅडमनी त्याला नमस्कार केला, तिवई मिटली आणि आम्ही परत फिरलो.

मोनोपॉड आमच्या आयुष्यात वेरूळमुळे आला. तिथल्या पहारेकऱ्याने तीन पायांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "याला परवानगी लागती मॅडम. एका पायाचं असंल तर जावा." मॅडमना याची इतकी गंमत वाटली की पुढच्या महिन्यात त्यांनी एका पायाची काठी आणलीच. हलकी, एकात एक जाणारी, पिशवीत मावणारी. सौताड्याला धबधब्याजवळच्या ओल्या पायऱ्यांवर मी घसरले तेव्हा तीच काठी पुढे करून त्यांनी मला थांबवलं. पण त्याच दिवशी पडत्या पाण्याचा दुधासारखा फोटो काही काठीवर येईना. कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस श्वास तरी घेतोच.

त्यानंतर कुणीही त्यांना विचारायचं, मॅडम, फिरायला जाताना काय घ्यावं, मोनोपॉड की ट्रायपॉड? आमचे शिंदे सर लडाखला निघाले तेव्हा त्यांनीही विचारलं. मॅडम उलट विचारायच्या, "तिथे फिरणार आहात की थांबणार आहात?"

"दोन्ही."

"दोन्ही होत नाही सर. फिरायचं तर काठी घ्या. गर्दीत, देवळात, बोटीवर, कुठेही टेकवा, फोटो काढा, निघा. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तिवई मांडली की लोक थांबतात. ही बाई कशापायी थांबली, म्हणून बघतात. काठीवाला पाहुणा असतो. तिवईवाला मुक्कामी."

शिंदे सरांनी काठी घेतली.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. नदीचं मात्र तसं नव्हतं.

वाव्हळ मॅडमचं गाव गोदाकाठी, तलवाड्याच्या पुढे. भाऊ भीमराव आणि त्याची बायको सुमन तिथे शेती करायचे. गावाबाहेर, त्यांच्या वस्तीच्या स्मशानभूमीला लागून, काळ्या दगडाचा एक सपाट खडक नदीवर पुढे आलेला आहे. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत मॅडम त्या खडकावर तिवई मांडून एकच फोटो काढत: पलीकडचा काठ, मधलं पाणी, अलीकडे स्मशानभूमीची कड आणि कडेवर एक बाभूळ. तिवईचे तीन पाय दरवेळी त्याच जागी पडावेत म्हणून त्यांनी खडकावर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके केले होते. सुरुवातीला कारण अगदी साधं होतं. त्या बाभळीमागून सूर्य फार सुंदर वर यायचा.

मग एका वर्षी त्यांनी स्टाफरूममध्ये मागचे सगळे फोटो ओळीने टेबलावर मांडले आणि मला म्हणाल्या, "मुळे मॅडम, बाभूळ बघा."

बाभूळ चालत होती. प्रत्येक फोटोत ती काठाच्या जास्त जवळ आलेली. मग कळलं, बाभूळ जागेवरच आहे, काठ मागे येतोय. नदीच्या पोटातून वाळू उपसलेली, पात्र खोल गेलेलं आणि काठाची माती रोज थोडी थोडी खाली घसरत होती. शेवटच्या फोटोत बाभळीची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. तिच्या मागे, मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, त्यांच्या आजोबांना पुरलेलं होतं.

"पुढच्या फोटोत बाभूळ नसेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्यात आजोबा नसतील."

पुढच्या हिवाळ्यात बाभूळ नव्हती. मी सोबत होते. मॅडम ठिपक्यांवर तिवई मांडत असताना मागे गाडी थांबली. पांढरी, काळ्या काचांची, पुढे नंबर नाही. त्यातून पांढऱ्या कपड्यातला एक तरुण उतरला, चपला काढून खडकावर आला आणि वाकून मॅडमच्या पाया पडला.

"मॅडम, वळखलं का? दिगू. तुमच्याच हाताखाली बारावीला नापास झालतो."

"ओळखलं. वर्गात तू माती आणली होतीस ती याच काठची होती."

दिगू मनापासून हसला. दात सुंदर होते. पात्रात खाली यंत्रं चालली होती, ती सगळी आता त्याची होती. त्याने खाली हात केला आणि यंत्रं बंद पडली. एकदम इतकं शांत झालं की पाण्याचा आवाज ऐकू आला.

"मॅडम, एक इनंती हाय. तुमी काठीवाला क्यामेरा आना ना. भीमराव सांगत व्हता, तुमच्याकडं एका पायाची काठी बी हाय म्हनून. काठी घिऊन कुनी बी येतंय, फोटो काढतंय, जातंय. आमी काय म्हनत न्हाई. पन ही तिपाई मांडली की पोरं मला इचारतेत, ही बाई कावून मोजायली?"

"मोजत नाही रे. बघते."

"तेच तर," दिगू म्हणाला. अजून हसतच होता. "बघू नका, मॅडम. फोटो काढा."

पुन्हा पाया पडून तो गेला. यंत्रं सुरू झाली. मॅडमनी फोटो काढला, पण परतीच्या वाटेवर गुळाचा खडा त्यांनी तोंडात न टाकता मुठीतच धरला होता. तो वितळून हात चिकट झालेला मला दिसला.

आणि खरं सांगायचं तर पुढच्या खेपेला त्या काठीच घेऊन गेल्या. माझ्यापासून लपवून नाही, सांगून. "भीती वाटली म्हणून काठी नेली," असं स्पष्ट म्हणाल्या. दिगूने त्या दिवशी खडकावर चहा पाठवला. फोटो छान आले होते, जराही हललेले नव्हते. पण आधीच्या फोटोंशेजारी ठेवले तर एकही जुळेना. कुठे क्षितिज वर, कुठे कड जरा डावीकडे. मॅडम बराच वेळ ते बघत बसल्या.

"यावरून कुणीही म्हणेल, बाई दोन पावलं पुढे उभी राहिली म्हणून काठ जवळ दिसतोय," त्या म्हणाल्या. "काठीचा फोटो सुंदर असतो. शाबित करत नाही काही."

मी म्हटलं, "तुम्हाला कुठे शाबित करायचंय काही?"

त्यांनी फोटो गोळा केले.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मॅडमनी तिवईवरचे सगळे फोटो मोठे करून व्हरांड्यात ओळीने लावले. खाली एकही शब्द लिहिलेला नाही. पोरं यायची, पहिल्या फोटोपासून चालत शेवटपर्यंत जायची. नदीकाठच्या गावातली पोरं पुन्हा मागे जाऊन पहिला फोटो बघायची. दुपारी प्राचार्य आले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, जरा शोभेचं काहीतरी लावा ना. कपिलधारचा धबधबा वगैरे." संध्याकाळच्या आत व्हरांडा रिकामा झाला होता. चार खिळे तेवढे राहिले.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मॅडमचा फोन आला. "मुळे मॅडम, माझं दार उघडत नाहीये. जरा येता का?"

गेले तर त्यांच्या दारापुढे टिपरभर वाळू ओतलेली. उंबऱ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत ढीग. ओली होती अजून, खालून पाणी झिरपून गटाराकडे चाललं होतं. शेजारीपाजारी आपापल्या दारात उभे होते. कुणी काही बघितलं नव्हतं. घरमालक हातवारे करत होता, पण आवाज दबका. मॅडम आतून खिडकीच्या वरच्या फटीतून दिसत होत्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

"मॅडम, दिगू. वाळू पोचली का? तुमाला वाळूची लई आवड, म्हनलं घर बांधायला हुईल. गुरुदक्षिणा समजा."

"दिगू, दार उघडत नाही माझं."

"उघडंल की. सावकाश उघडायचं."

आम्ही घमेल्यांनी वाळू बाजूला केली. दार जेमतेम फटभर उघडल्यावर मॅडम आडव्या होऊन बाहेर आल्या. पहिलं काम काय केलं असेल? आत हात घालून तिवई ओढून काढली, रस्त्याच्या मधोमध मांडली आणि त्या ढिगाचा फोटो घेतला. शेजारी एकेक करून आपापल्या घरात गेले. दारं लागल्याचे आवाज मला अजून आठवतात.

त्यांनी अर्ज केले, फोटो जोडले, पोच घेतली. कुठूनही उत्तर आलं नाही. आलं ते गावाकडून. भीमराव एका रविवारी गेवराईला आला. दारातल्या वाळूला वळसा घालून आत आला, पाणीसुद्धा न पिता बोलायला लागला.

"ताई, तू फोटो काढून हिकडं येतीस. आमी तिथंच ऱ्हातो. माझ्या रानाची वाट त्याच्या टिपरांनी अडवली. सुमन पान्याला जाती तर पोरं गाडी आडवी घालतेत. कायी बोलत न्हाईत, नुसती बघतेत."

"तू काय म्हणतोस, भीमा? थांबू?"

"आज्याची जागा हाय ती," भीमराव म्हणाला. "मी तुला थांब बी म्हनू शकत न्हाई, आन् ये बी म्हनू शकत न्हाई."

तो गेल्यावर मी मॅडमना खूप समजावलं. पुढच्या सुट्टीत हंपीला जाऊ म्हटलं, हिमालयात जाऊ म्हटलं. काठी आहे की आपल्याकडे, फिरू. त्या ऐकून घेत होत्या. मग काठी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही तुम्हीच ठेवा. तुम्ही फिरा. मला आता फिरता येईल असं वाटत नाही."

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघी भीमरावकडे हुरड्याला गेलो. सकाळची वेळ, दव पडलेलं. आगटी पेटली होती, सुमनवहिनी कणसं भाजत होत्या. मॅडम म्हणाल्या, "ऊन वर यायच्या आत एवढा फोटो घेऊन येते. हुरडा गार करू नका." मी उठायला लागले तर वहिनींनी हात धरला. "बसा हो, गरम गरम खा." त्या हाताचा जोर मी अजून विसरलेले नाही. त्यात प्रेम होतं की आणखी काही, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं आणि वहिनींना मात्र कधीच विचारलं नाही.

कणसं संपली तरी मॅडम आल्या नाहीत. भीमराव बघायला गेला तो ओरडतच परत आला.

खडकाखाली वाळू काढून केलेला डोह होता. आजूबाजूचं पाणी गुडघाभर, तिथे मात्र कुणालाच थांग लागत नव्हता. दुपारी मॅडम त्यात सापडल्या. पायातले बूट जसेच्या तसे होते. वर खडकावर तिवई उभी होती, तिन्ही पाय नीट फाकलेले. कॅमेरा नव्हता. आणि तिवई त्या पांढऱ्या ठिपक्यांवर नव्हती, बरीच बाजूला होती. तिथून कॅमेऱ्यात नुसतं आभाळ आलं असतं.

मी हे सगळं ठाण्यात सांगितलं. फौजदार सभ्य माणूस होता, खुर्ची दिली, चहा मागवला. ठिपक्यांचं त्याने ऐकून घेतलं, लिहिलं नाही. "बाई फोटोच्या नादात मागं सरकली, पाय घसरला. असं हुतंय मॅडम. सेल्फीच्या नादात तर किती जातेत." मी म्हटलं, वाव्हळ मॅडम सेल्फी काढत नसत. तो म्हणाला, "बरं."

अंत्यविधीला दिगू सगळ्यांत आधी हजर होता. मंडप त्याने घातला, पाण्याचे जार त्याने आणवले. भीमरावच्या गळ्यात पडून तो रडला आणि ते रडणं खोटं होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. वंदना झाली. मॅडमना आजोबांच्या शेजारीच ठेवलं. गेल्या पावसाळ्यात ती कड आणखी आत आली, असं भीमराव फोनवर सांगत होता. तो आता रान विकून मुलीकडे नांदेडला गेलाय. जाताना तिवई माझ्याकडे आणून दिली. ती मी स्टाफरूमच्या कपाटामागे ठेवली आहे, काठी माझ्या घरी आहे. दोन्हींनी मी एकही फोटो काढलेला नाही. मला येतच नाही.

ठाण्यात मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्यावर फौजदाराने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मग यात वावगं काय मॅडम?"

त्या सकाळी आगटीपाशी बसून मला नदीकडची पायवाट दिसत होती. दोन्हीकडे ज्वारी डोक्याएवढी, मधून एकट्या मॅडम चाललेल्या. तिवई खांद्यावर. बांधाजवळ पांढरी गाडी उभी होती. दिगू उतरला, चपला काढल्या, वाकून पाया पडला. काहीतरी बोलला. मॅडम थांबल्या. मग त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मॅडमच्या खांद्यावरून तिवई अलगद उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली, वर्गात कुणी गुणी पोरगं बाईंच्या हातातलं ओझं घेतं तशी. मॅडमनी एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं. लांबून चेहरा कळत नव्हता. मग त्या पुढे झाल्या, दिगू अनवाणी त्यांच्या मागोमाग निघाला आणि ज्वारी दोघांच्या मागे मिटली.

"दिगू हाय संगं," शेजारून वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यात आणखी एक कणीस ठेवलं.